डबा रिकामा जात नाही

ओनुमा सेन्सेईंना आमच्या माडीवर राहायला आणण्यात माझा फायदा बऱ्यापैकी होता. फुकटची शिकवणी तर होतीच. जिन्यात, गच्चीवर कपडे वाळत घालताना, गोठ्यातल्या म्हशी दाखवताना, अस्सल जपानी बोलणारं माणूस घरातच. वर्गात वट वाढणार, ती वेगळी. पण हे सगळं तोंडी लावायला. खरं जेवण म्हणजे ती जागा. आमच्या जपानी विभागातून दर साली एका विद्यार्थ्याला वर्षभरासाठी जपानमधल्या एका विद्यापीठात पाठवतात. राहणं, खाणं, फी, सगळं तिकडचे बघतात. एकच जागा, आणि शिफारस कुणाची, तर तिकडून आलेल्या पाहुण्या शिक्षिकेची. यंदाची पाहुणी शिक्षिका म्हणजे ओनुमा सेन्सेई. आता ज्या माणसाच्या हातात शिफारस आहे ते माणूस विद्यापीठाच्या गेस्टहाऊसवर उगाच कशाला ठेवायचं? कळंब्यात आमची माडी रिकामी पडली होती आणि मला अक्कल होती. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

घरच्यांचा फायदाही मी मांडून दाखवला. आईला, म्हणजे बायडाबाईंना, सांगितलं की बाई साठीच्या आहेत, एकट्या आहेत, आवाज करणार नाहीत. याआधी माडीवर पोलीस भरतीची पोरं होती. ती पहाटे उठून गच्चीवर उड्या मारायची आणि खाली म्हशी बुजायच्या. आबांना, म्हणजे गणपतरावांना, एवढंच विचारायचं होतं:

"जपानी बाई म्हशीच्या शेणाला नाक मुरडणार न्हाय नव्हं?"

"न्हाय ओ आबा. ती लोकं मनातलं तोंडावर दाखवत न्हाईत."

"मग कळायचं कसं?"

"त्यासाठी मी हाय की," मी म्हणाले.

हे वाक्य मी फार ऐटीत म्हणाले होते. पुढं ते मला पुरून उरलं.

मी जपानी का घेतलं, याचं खरं उत्तर असं की इंग्रजीच्या रांगेत गर्दी होती आणि जपानीच्या खोलीत पंखा चालू होता. पण तीन वर्षांत मी इतकी जपानी झाले की केएमटीच्या कंडक्टरनं सुट्टे दिले तर दोन्ही हातांनी घेऊन वाकायचे. शेजारच्या केरबाकाकानं एकदा विचारलं होतं, "पोरी, कंबर धरलीया काय?" व्याकरण बरं होतं, पण माझी खासियत संस्कृतीत. जपानी माणूस तोंडावर 'नाही' कसं म्हणत नाही, यावर मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करत होते: 'कोल्हापुरी रोखठोकपणा आणि जपानी संकोच'. थोडक्यात, आम्ही बोंबलतो आणि ते कुजबुजतात, हे मी चाळीस पानांत लिहिलं होतं.

जागेसाठी स्पर्धा म्हणावी अशी एकटी मोना. मुरगूडची, हॉस्टेलवर राहणारी, आवाजानं वर्गाच्या काचा हलवणारी. तिच्या जपानीला हात-पाय असायचे, सांधे नसायचे. शब्द एकामागून एक आदळत यायचे, ट्रॉलीतून ऊस उतरवल्यासारखे. वर वागणं असं की सेन्सेईंच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "मी फार भरभर बोलते का?" आम्ही सगळे जपानी पद्धतीनं "छे छे" करत होतो आणि ही म्हणाली, "हो. काहीच कळलं नाही." मी तिच्या वतीनं शरमले. हिशेबात तिला मी धरलंच नव्हतं.

तर सेन्सेई माडीवर आल्या. बारीकशा, केस पांढरे, चालताना पायाचा आवाज नाही. दोन बॅगा घेऊन आल्या. एकीत कपडे आणि पुस्तकं. दुसरीत काय होतं ते पुढं कळलं.

पंधरवडा सुरळीत गेला. मग आमची म्हैस व्याली.

म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस आळीत वाटायचा, ही रीत आमच्याकडं आहे. आईनं स्टीलचा डबा काढला, घासून पुसून खरवसाच्या वड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "जा, वर दिऊन ये. म्हणावं, म्हशीचा हाय, गूळ घातलाय, गरम हाय तवर खावा."

सेन्सेईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मी खरवस म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी एक वडी खाल्ली आणि डोळे मिटले. मी जिना उतरले ती जवळजवळ जपानातच उतरले.

चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हेही आमच्याकडं आहे. शेजारी चिमूटभर साखर टाकून देतात. तेवढ्यानं म्हशीचं दूध टिकतं म्हणे. हे मी सेन्सेईंना सांगायला विसरले. तरी दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो रिकामा नव्हता. लखलखीत पुसलेला, आणि आत कागदात गुंडाळलेला निळ्या लाटांचा एक सुती पंचा.

आईनं झाकण उघडलं आणि पंचा दोन बोटांनी वर धरला.

"अगं, चिमूट साखर घालायची असती. ह्या बाईनं टावेलच घातला की."

"भेट दिली त्यांनी."

"ते कळलं. आता ह्यो डबा तसाच मांडणीवर ठिवू? लोकाचा टावेल घिऊन गप बसू?"

आई गप बसली नाही. डबा शेंगदाण्याचे लाडू घेऊन वर गेला. खाली आला तो हिरव्या चहाच्या पुडीसकट. मग कढवलेलं तूप वर गेलं, कागदी पंखा खाली आला. काकवी वर, रेशमी पिशवी खाली. खर्डा वर गेला त्या वेळी मला धाकधूक होती, पण त्याच्या बदल्यातही खाऱ्या बोरांची बरणी आली, आणि आबांनी त्यातलं एक तोंडात टाकून तोंड असं केलं की म्हशीनं मागं वळून बघितलं.

हा डबा वर-खाली नेणारी मी. आणि डब्याबरोबर निरोप असतो.

आई म्हणायची, "त्यास्नी म्हणावं, बाई, आता काय घालू नका. आमी काय धंदा मांडलाय व्हय? घरचं हाय, खावा आणि डबा तसाच द्या. उगं तुमचं सामान संपंल."

आता हे जपानीत कसं सांगायचं? 'काही देऊ नका' हे तोंडावर? माझ्या प्रकल्पाचं तिसरं प्रकरणच सांगत होतं की हा अपमान झाला. मी वर जाऊन, वाकून, जिभेला साय लावून म्हणायचे, "आईला तुमची भेट फारच आवडली. घराला शोभा आली, असं ती म्हणाली."

सेन्सेई हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आईंना खरंच इतका त्रास होत असेल, आणि मी एकटीच खाणारी, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही तरी मला मुळीच वाईट वाटणार नाही, असं जर त्यांना वाटेल अशा रीतीनं सांगता आलं तर..."

पुढं त्या बोलायच्या नाहीत. उरलेलं ऐकणाऱ्यानं समजायचं. मला समजायचं. हा तर माझा विषय. खाली येऊन मी सांगायचे, "सेन्सेई म्हणाल्या, असलं तूप त्यांनी जन्मात खाल्लं नाही."

हे खोटं नव्हतं. त्या तसं म्हणाल्या होत्या, पण आदल्या आठवड्यात.

मी असं का करत होते, हे माझं मलाही अगदी सोज्वळ शब्दांत पटवता यायचं: दोन संस्कृतींचा पूल, कटुता टाळणं, वगैरे. पण सरळ गणित असं की डबा थांबला तर माझ्या फेऱ्या थांबणार. प्रत्येक फेरीला जिन्यावर बसून गप्पा. आज त्यांनी मला गावाकडच्या बर्फाबद्दल सांगितलं, उद्या आपला जुना शब्दकोश दिला. दोन घरं एकमेकांना देत होती आणि दलाली माझ्याकडं जमत होती. वर्गात मी सहज बोलल्यासारखं सांगायचे, "काल सेन्सेई म्हणत होत्या..." आणि मोना टाळी द्यायला हात पुढं करायची. "तुझा इषय हार्ड हाय बाबा. जागा तुझीच. मला जाताना टाटा करायला बोलीव."

तिच्यात जळणं नव्हतं. त्याचाच मला थोडा राग यायचा.

दिवाळीपर्यंत सेन्सेईंची दुसरी बॅग संपली. तिच्यात काय होतं ते आता सगळं आमच्या मांडणीवर होतं. मग त्या सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन बाजारात जायला लागल्या. डब्यातून कधी गुलाबी रुमाल यायचा, कधी अगरबत्ती. एकदा महाद्वार रोडवरून आणलेले पेढे आले. आबांनी एक उचलला आणि उलटा-सुलटा करून बघितला.

"आमचंच दूध डेअरीला गेलं, तितनं पेढा झालं, आणि आमच्याच डब्यातनं आमच्याच घरात आलं. म्हशीला दाखीव गं, तिला बरं वाटंल."

आबांचं दुखणं वेगळंच होतं. ताटात तूप दिसेनासं झालं होतं.

"घरात तूप हाय का न्हाय?"

"वर गेलं," आई म्हणाली.

"मग आमीबी वर जातो. त्याशिवाय काय मिळायचं न्हाय असं दिसतंय."

आईला हसू आलं नाही. ती खरंच दमली होती. दुपारी अंग टाकायची ती वेळ आता पाक बघण्यात जात होती. मागच्या खेपेला गोड दिलं, आता तिखट द्यावं का? पेढे आले म्हणजे आपण निदान पुरणाच्या करंज्या तरी द्याव्यात? वरही तीच तऱ्हा. अन्न टाकणं म्हणजे करणाऱ्याचा अवमान, म्हणून सेन्सेई सगळं खात होत्या. एकट्या. लाडू, तूप, करंज्या. केरबाकाका एक दिवस फाटकातनं ओरडून म्हणाला, "बायडावैनी, तुमची जपानी बाई तळ्याला फेऱ्या मारत्या बघा रोज. पाठीमागं कुत्रं लागल्यागत चालत्या."

मी मात्र वर्गात सांगितलं, सेन्सेईंना कळंबा तलाव फार आवडतो.

मग गंमत अशी सुरू झाली की दोघी एकमेकींना चुकवायला लागल्या. जिन्यात पाऊल वाजलं की आई गोठ्यात शिरायची. वाजायचं म्हणजे सेन्सेईंचं नाहीच, माझंच. आणि सेन्सेई आई अंगणात नाही असं गच्चीवरून बघून मगच उतरायच्या, चपला हातात घेऊन. एका घरात दोन प्रौढ बायका लपाछपी खेळत होत्या आणि मी मधे उभी राहून अतिशय सुंदर जपानी बोलत होते.

शिफारशीची मुलाखत आठवड्यावर आली असताना डबा खाली आला तो हाताला जड लागला. आईनं कागद सोडला. आत एक वाटी. राखेच्या रंगाची, ओबडधोबड, काठाला एक टवका आणि तो सोनेरी रेघेनं सांधलेला.

मी ओळखली. सेन्सेईंच्या खिडकीत असायची. त्यांच्या आईची. तिच्यातून त्या सकाळचा चहा घ्यायच्या.

खरं सांगायचं तर ही घ्यायची नाही, हे मला कळलं. पण त्याच्या वर लगेच दुसरं तरंगून आलं: आईची वाटी दिली म्हणजे आपण आता घरचेच झालो. शिफारस पक्की.

आई वाटी उजेडाकडं धरून फिरवत होती. "स्नेहल, ही वापरल्याली हाय गं."

"जुन्या वस्तूला त्यांच्यात मान असतो, आई."

"मान असंल. पर काठ बघ. इथं रोज कुणाचं तरी व्हट लागल्यात. आपली खायाची वाटी कुणी दितं व्हय?" ती खाली बसली. "त्या बाईकडं द्यायला काय उरलंच न्हाय गं. आणि आपण भरून पाठवत बसलोय. मी जातो वर."

आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात, आणि आई 'जातो' म्हणाली की ती गेलेलीच असते. मी आडवी आले. "आई, असं जाऊन तोंडावर बोलायचं नसतं. त्यांच्यात लई अपमान धरत्यात."

"मग तू सांग. आज सांग. म्हणावं, वाटी परत घ्या आणि ह्यो खेळ बास करा. हात जोडतो म्हणावं."

"सांगतो की."

मी वर गेले. सेन्सेई खिडकीशी उभ्या होत्या. सकाळचा चहा त्या आता स्टीलच्या पेल्यातून घेत होत्या, पेलाही आमचाच. मी वाकले आणि म्हणाले, "आई भारावून गेली."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग हसल्या. "असं का?" म्हणाल्या.

जपानी माणसाच्या 'असं का?'वर माझ्या प्रकल्पात दीड पान होतं. तरी मला ते ऐकू आलं नाही.

रविवारी मोना आली. मुलाखतीआधी अर्जावर सेन्सेईंची सही घ्यायची होती. फाटकातच आईनं तिला धरलं. मी आत ओल्या केसांनी, आणि बाहेर आईचा आवाज.

"मोने, तुलाबी येतं नव्हं जपानी?"

"येतं म्हंजे, ढकलतो काकी."

"मग माझं एक काम कर. ह्या आमच्या बाईसाबाची जीभ लई गोड हाय, तिच्यानं हुईना. त्या बाईस्नी सांग. मी दमलो. त्या दमल्या. ही वाटी त्यांची त्यास्नी ठिवून घ्या म्हणावं. आता डबा नको, टावेल नको, काय नको."

"एवढंच? सांगतो की. त्यात काय?"

मी केस तसेच घेऊन बाहेर धावले. "मोना, थांब. असं सरळ नसतं सांगायचं. आधी हवापाण्याचं बोलायचं, मग हळूच..."

"तुझं हळूच चालू दे," आई म्हणाली, वाटी पदराखाली धरून जिना चढायला लागली, आणि तिच्यामागं मोना. मी शेवटी.

सेन्सेई दारात आल्या. आईला बघून त्यांच्या तोंडावर भीतीच उमटली, कारण आईचा एक हात पदराखाली होता आणि त्यांना वाटलं असणार, आणखी काहीतरी खायला आलं.

मोनानं घसा साफ केला. वाकली, तेही एका बाजूला कलल्यासारखी, आणि मोठ्यानं सुरू झाली. तिचं जपानी मराठीत सांगायचं तर असं होतं:

"सेन्सेई. काकी दमली. तुम्ही दमला. वाटी तुमची. लाडू बंद. टावेल बंद. सगळे झोपा."

आणि तिनं हातानं कात्रीसारखं करून हवेतलं काहीतरी कापलं.

मी डोळे मिटून घेतले. जाताना खाली उतरायचं की गच्चीवरून उडी टाकायची एवढाच विचार करायचा होता.

एक विचित्र आवाज आला. डोळे उघडले तर सेन्सेई उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि हसत होत्या. आधी तोंडावर हात धरून, मग हातही सुटला. डोळ्यांतून पाणी. आई घाबरून त्यांच्या पाठीवरनं हात फिरवायला लागली, तर त्यांनी तो हातच धरून ठेवला. मग मोनाला कळावं म्हणून सुट्या सुट्या शब्दांत म्हणाल्या, "मी पण. सांगितलं. पुष्कळदा. स्नेहल-सान, आईंना सांगा, म्हटलं."

मोना वळली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकी, ह्यांनीबी कवाच सांगितलं म्हणं. लई खेपा. स्नेहलकडनं."

आईनं माझ्याकडं बघितलं. म्हशीनं लाथ मारायच्या आधी बघावं तसं. "आणि मी कुणाकडनं सांगत हुतो?"

"तुमीबी स्नेहलकडनंच," मोना म्हणाली. तिला मनापासून मजा येत होती.

मी जिन्याची एक पायरी खाली सरकले. 

नंतर जे झालं ते माझ्याशिवायच झालं. मोनाच्या मोडक्या शब्दांवर आणि चार हातांवर त्या दोघींचं तासभर बोलणं चाललं. सेन्सेईंनी सांगितलं की त्यांच्या गावाकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत; आत निदान एक काड्यापेटी तरी ठेवतात, नाहीतर कागदाची घडी. त्या दिवशी त्यांच्याकडं काड्यापेटी नव्हती, आणि बॅगेतली सगळ्यात हलकी वस्तू म्हणून त्यांनी पंचा ठेवला.

"आणि आमच्यात साखर," आई म्हणाली. चिमूट करून दाखवली. "एवढीच."

एक चिमूट आणि एक काड्यापेटी. तेवढ्यात मिटलं असतं. माझ्या प्रकल्पाची चाळीस पानं सांगत होती की या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ही दोन्ही घरं पहिल्या दिवसापासून अगदी एकच गोष्ट करत होती.

वाटी खिडकीत परत गेली. आईनं ती स्वतः ठेवली.

मुलाखत झाली. विभागप्रमुख, सेन्सेई आणि समोर मी. मी सगळं चोख बोलले. आदरार्थी रूपं अशी लावली की खुर्चीलाही मान मिळाला असता. सेन्सेईंनी एकच प्रश्न विचारला, "पुढं काय व्हायचं आहे?"

"दुभाषी," मी म्हणाले. 

त्यांनी मान हलवली. तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "स्नेहल-सान, तुमचं जपानी फार सुंदर आहे."

ज्याच्याकडून आता काही अपेक्षा नाही त्याच्या भाषेची जपानी शिक्षक स्तुती करतात, हे मीच लिहिलं होतं. पान मला पाठ होतं. मोनाच्या मुलाखतीत त्या तिला म्हणाल्या म्हणे, "तुमच्या क्रियापदांचं काहीतरी करायला हवं. तिथं वर्षभर वेळ मिळेल."

जागा मोनाची झाली. ती सांगायला आली ती फाटकातच थांबली आणि पहिल्यांदा तिचा आवाज बारीक निघाला. "स्नेहल, मी नको म्हणू का?"

"म्हणून बघ," मी म्हणाले. "तुला नको म्हणता येतं ही तर त्यांना आवडलेली गोष्ट."

ती हसली, मीही हसले. रडायचं ते मी गोठ्यात रडले. आई धार काढत होती. तिनं वर बघितलं नाही. धार न थांबवता म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर मी झोडपलं असतं. तू निस्तं खरं बोलली न्हाईस. त्याला काय करावं मला कळंना." आणि चरवी माझ्याकडं सरकवली. "धर. आत ने. वर नको नेऊ."

सेन्सेई जायच्या दिवशी अंगणात रिक्षा उभी होती. दोन बॅगा, त्यातली रिकामी झालेली दुसरीही पुन्हा फुगलेली. आईनं भरली होती. तोच डबाही आत गेला, लाडवांनी भरून. मोनाला कुठल्यातरी कागदावर शिक्के घ्यायला जायचं होतं, म्हणून निरोपाला जपानी येणारी मीच.

आई सेन्सेईंसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग. जसं हाय तसं सांग. म्हणावं, माझी पोरगी लबाड हाय, पर वाईट न्हाय. माडी तुमचीच हाय, कवाबी या. आणि डबा परत पाठवायची घाई करू नका."

आबा गोठ्याच्या दारातून बघत होते. केरबाकाका कुंपणावर हनुवटी टेकवून. 'लबाड'साठी जपानीत तीन-चार शब्द आहेत. त्यातले दोन असे की ऐकणाऱ्याला 'हुशार' वाटावं. ते दोन्ही माझ्या जिभेवर आधी आले. मी ते गिळले आणि उरलेल्यातला, ज्यात कसलीच साय नाही तो, काढला. पुढचंही सगळं सांगितलं. डब्याचंसुद्धा.

सेन्सेईंनी ऐकून घेतलं. मग आईकडं वळून मराठीत, तिच्याकडूनच उचललेल्या मराठीत म्हणाल्या, "म्हाईत हाय."

रिक्षा निघाली.

आता उरल्यासुरल्याचं बघू. आबांच्या ताटात तूप परत सुरू झालं. केरबाकाकाला सांगायला वर्षाचा मजकूर मिळाला. सेन्सेई चार किलो जड होऊन गेल्या, पण वाटी घेऊन गेल्या. मोना एप्रिलमध्ये जाईल; आईनं तिला बजावून ठेवलंय की येताना सेन्सेईंकडून डबा घेऊन यायचा, आणि तो रिकामा येणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे आईचं येणं-देणं अजून बाकी आहे. प्रकल्पाचं नाव मी बदललं. चाळीसची अकरा पानं झाली आणि मार्क बरे पडले.

या सगळ्याची किंमत कुणी भरली म्हणाल, तर म्हशीनं आणि मी. म्हशीला निदान सरकी-पेंड मिळते.